दांडेकर सरांचा हिशेब आणि आपला पीक विमा

३० जुलै हा प्रा. वि. म. दांडेकर यांचा स्मृतिदिन. १९९५ साली ते गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक राहिलेला हा माणूस आकड्यांचा पक्का होता. भोकरदनच्या शेतकऱ्याला वाटेल, पुण्याच्या प्राध्यापकाचं आपल्याला काय? पण आपल्या सातबाऱ्याशी त्यांचा संबंध फार जवळचा आहे.

१९७१ साली सहकारी नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी देशातल्या गरिबीचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपयेसुद्धा खर्चायला नसणारी माणसं शेकडा ४० होती. यावर उपाय म्हणून मागेल त्याला काम द्या, असं त्यांनी सांगितलं. पुढे वि. स. पागे यांच्या रोजगार हमीने मराठवाड्याची चूल पेटती ठेवली.

१९८३ साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपला जालना जिल्हा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. रस्ते, पाणी, वीज, शिक्षण, दवाखाने असं सगळं मोजून समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींवर काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा. आपण मागे आहोत ही नुसती तक्रार होती, तिला आकडा मिळाला.

पण रोजच्या कामाची गोष्ट वेगळीच. एकेका वावराचा पंचनामा करून विमा चालणार नाही, सारख्या पाऊसपाण्याच्या भागाचं सरासरी उत्पन्न धरून सगळ्यांना सारख्या दराने भरपाई द्या, हा विचार त्यांनी १९७६ साली मांडला. १९८५ ची पीक विमा योजना त्यावरच उभी राहिली आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री योजनेचा पायाही तोच आहे. "माझं वावर बुडालं, पैसा नाही, हे काहून?" याचं उत्तर इथंच आहे. हिशेब मंडळाच्या सरासरीचा असतो, एकट्याच्या वावराचा नाही.

२०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर नेऊन ठेवली. म्हणजे मंडळातल्या निवडक वावरांत जे वजन भरेल, त्यावर शेकडो घरांचा पैसा ठरतो. ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली आलं तरच विमा मिळतो. बांधावर न जाता कागद भरला, की सगळं मंडळ बुडालं.

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांनी कापणीची तारीख गावात आधी सांगावी. सरपंचांनी दोन जाणती माणसं सोबत धाडावीत. वजन सगळ्यांसमोर व्हावं आणि त्याचा आकडा चावडीवर लागावा. सरांच्या फोटोला हार नाही घातला तरी चालेल. वजन तेवढं खरं लिहा.