भाराभर चिंध्या

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आम्हांस भेटावयास शाळेत आले. नववीतील एका विद्यार्थ्याचे वडील. राहणे रामबागेत, एका पेढीवर हिशेबनीस, बोलणे अतिशय मर्यादेचे. खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्यांनी हातातली कापडी पिशवी आमच्या टेबलावर रिकामी केली. तबल्याच्या बोलांची एक वही, जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेली राजवाड्याची चित्रे, अर्धवट चिकटवलेला पतंग, पपईच्या देठाची पुंगी आणि मातीचा एक बैल, इतका ऐवज बाहेर पडला.

"सर, आता तुम्हीच त्याला काही सांगा," ते म्हणाले. "दोन वर्षं तबला झाला. मग चित्रं काढायला लागला. मग पतंग. आता कुठून तरी माती आणतो आणि अंगण घाण करतो. एका गोष्टीवर म्हणून टिकत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

आम्ही मान डोलावली. पालकांपुढे मान डोलावण्याची सवय मुख्याध्यापकाला नोकरीच्या ओघात लागूनच जाते. त्यात विचाराचा भाग फारसा नसतो. मुलाशी बोलून पाहतो, आपण दोन दिवसांनी पुन्हा या, असे सांगून आम्ही त्यांना निरोप दिला. पण ती म्हण मात्र टेबलावरच्या त्या पसाऱ्यात राहून गेली. कारण ती आमच्याही तोंडची होती.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा दुसऱ्या एका शाळेत वर्गशिक्षक होतो. वर्गातील एक मुलगा करकटकाच्या टोकाने खडूवर आकृती कोरीत असे. शिवाय तो शब्दकोडी रचायचा, नकला करायचा, मोडकी घड्याळे उघडून बसायचा. गणितात मात्र जेमतेम. एके दिवशी तासाला कोरीव काम करताना आम्ही त्याला पकडले, खडूंची डबी काढून घेतली आणि त्याच्या आईला बोलावून हीच म्हण ऐकवली. माउलीने खाली मान घालून ऐकून घेतले. मुलगा त्यानंतर वर्गात शांत बसू लागला, आणि आम्ही ते आपले यश समजलो. पुढे आमची बदली झाली. डबी परत द्यावयाची राहून गेली आणि आमच्या सामानाबरोबर या गावाहून त्या गावी हिंडत राहिली. मागल्या दिवाळीत कपाट आवरताना ती उघडली. आत एक गणपती, एक उंट, शिडाची होडी आणि चष्मा लावलेले, मिशा असलेले एक मुंडके होते. तो चष्मा आणि त्या मिशा आमच्याच, हे घरातल्या सर्वांनी एकमुखाने मान्य केले. तो मुलगा आज कोठे असतो, काय करतो, आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हापासून या म्हणीविषयी आमच्या मनात काही शंका उभ्या राहिल्या आहेत. एकाग्रतेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. जन्मभर तिचेच धडे दिले आहेत. परंतु कोणती चिंधी कोठे कामास येईल, हे ती हातात असताना समजते काय, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या माळव्यातच याचे एक ठळक उदाहरण आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. जन्म नीमचचा, १९१९ मधला, कर्मभूमी उज्जैन. उज्जैनकरांना ते हरिभाऊ म्हणूनच परिचित. हा माणूस मुळात चित्रकार. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन काढून मुलांना चित्रकला शिकविली. पण चित्रकाराने फक्त चित्रे काढावीत, हे त्यांना मान्य नसावे. जुनी नाणी जमवावीत, शिलालेख वाचावेत, डोंगरदऱ्या पायी तुडवाव्यात, जे दिसेल ते जागच्या जागी रेखाटून घ्यावे, असा त्यांचा क्रम. एखाद्या व्यवहारी पालकाने तेव्हाच त्यांची पिशवी कोणा मुख्याध्यापकाच्या टेबलावर रिकामी केली असती, तर काय म्हटले गेले असते, ते सांगावयास नको.

१९५७ साली ते आगगाडीने भोपाळकडे येत होते. वाटेत खिडकीतून त्यांना काही खडकांचे आकार दिसले. त्या डब्यात इतरही प्रवासी असतील आणि त्यांनाही ते खडक दिसलेच असतील. हरिभाऊंना मात्र चैन पडेना. उतरून ते त्या खडकांपर्यंत पोहोचले, आणि भीमबेटकाचा चित्रांकित शैलाश्रयांचा ठेवा जगापुढे आला. गंमत अशी की भीमबेटका हे नाव कागदोपत्री नवे नव्हते. किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींकडून ऐकून १८८८ मध्येच त्याचा उल्लेख केला होता, पण बौद्ध अवशेषांचे स्थान म्हणून. नाव होते, नोंद होती. ती चित्रे ओळखणारा डोळा सत्तर वर्षे तेथे पोहोचला नव्हता. तो डोळा चित्रकाराचा होता, आणि चित्रकाराला तेथवर नेणारे पाय पुराणवस्तूंच्या वेडाचे होते. पुढे त्या आकृतींच्या प्रतिकृती करावयाच्या, कोणत्या रंगावर कोणता रंग चढला आहे ते पाहून जुने-नवे ठरवावयाचे, तेव्हा तोच शिकलेला हात उपयोगी पडला. उज्जैनजवळच्या कायथ्याच्या उत्खननातही हरिभाऊंचे नाव अग्रभागी आहे. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली; १९८८ साली ते गेले; आणि २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. नाणी, कुंचला आणि पायपीट या तीन वेगवेगळ्या हौशी त्या खडकापाशी एकत्र येतील, हे हरिभाऊंना तरी आधी कोठे माहीत होते?

अमेरिकेत रॉबर्ट रूट-बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञांची सामान्य शास्त्रज्ञांशी तुलना करून पाहिली. वादन, चित्रकला, सुतारकाम, लेखन असले छंद नोबेलवाल्यांत कितीतरी अधिक आढळले. अर्थात छंद होता म्हणून पारितोषिक मिळाले, असे कोणी समजू नये. नाही तर उद्या त्याचेही शिकवणीवर्ग निघतील.

आमच्या इंदूरच्या विष्णु चिंचाळकर गुरुजींना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आणखी वेगळे सांगावयास नको. येथील चित्रकला विद्यालय दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली सुरू केले. बेंद्रे तेथले, हुसेन तेथले आणि गुरुजीही तेथलेच. रूढ चित्रकलेत नाव झाल्यावर त्यांनी वाळकी पाने, सालपटे, फाटके कागद, फुटके तुकडे हाती घेतले. कोठे त्यांना पक्षी दिसे, कोठे म्हातारा. अक्षरे आणि आकडे यांतून चित्रे उलगडणारे 'खुलते अक्षर खिलते अंक' हे त्यांचे पुस्तक मुलांच्या हाती आजही द्यावे असे आहे. त्यांची मैत्री होती ती 'नईदुनिया'चे संपादक राहुल बारपुते, 'नाट्यभारती'चे बाबा डिके आणि देवासचे कुमार गंधर्व यांच्याशी. एक चित्रकार, एक पत्रकार, एक नाटकवाला आणि एक गवई! आजच्या पद्धतीने चौघांची चार स्वतंत्र संमेलने भरली असती आणि एकमेकांचे तोंडही दिसले नसते. कुमारांनी आजारपणाच्या सक्तीच्या मौनात माळवी लोकगीतांकडे कान लावला आणि त्यातून पुढे काय उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे.

पण मोठ्यांचीच नावे का घ्यावीत? आमची आजी संक्रांतीला हलव्याचे दागिने करी, रुखवतासाठी कोणाचीही हाक आली की जाई, भरतकाम करी, गौरींची आरास मांडी, ओव्या म्हणे. माळव्यात आल्यावर श्राद्धपक्षात शेजारच्या मुलींबरोबर भिंतीवर शेणाची संजा घालून तिच्यावर फुलांच्या पाकळ्या लावण्यासही ती शिकली; नवरात्रात भोंडला होताच. तिला कोणी 'एक ना धड' म्हटल्याचे आम्हांस आठवत नाही. छंद हा शब्दही तिला माहीत नव्हता. आणि चिंध्यांचे म्हणाल, तर भाराभर चिंध्यांचे काय करावयाचे असते ते तिला चांगले ठाऊक होते. तिच्या गोधडीत आम्ही सगळी भावंडे निजलो.

याचा अर्थ मुलाला सोमवारी गिटार, मंगळवारी कराटे आणि बुधवारी चित्रकलेच्या वर्गाला पोहोचवावे, असा नव्हे. उन्हाळी सुटीत आपल्या शहरात अशा वर्गांचे पेव फुटते. शुल्क पालकांचे, निवड पालकांची, प्रमाणपत्र भिंतीवर, आणि मूल दमलेले. त्याला छंद म्हणवत नाही. तसेच हेही कबूल केले पाहिजे की काही माणसे खरोखरच काहीच तडीस नेत नाहीत. आमच्याच घरात एक पेटी अशी आहे, जिचा भाता पंचवीस वर्षांत हलला नव्हता. एम. ए. च्या अभ्यासासाठी ती मिटवली, ती मिटलेलीच राहिली.

ती पुन्हा उघडली, याला कारण आमचे एक ज्येष्ठ सहकारी. गणिताचे असे शिक्षक आम्ही पाहिले नाहीत. गणित, शाळा आणि घर यांपलीकडे त्यांनी कशातही लक्ष घातले नाही, आणि आम्ही सर्व त्याचे कौतुकच करीत असू. सेवानिवृत्तीनंतर ते रोज साडेदहाला शाळेच्या फाटकाशी येऊ लागले. प्रारंभी सर्वांना आनंद वाटला. मग तरुण शिक्षक नजर चुकवू लागले. एकदा आम्ही त्यांना विचारले, "सर, घरी काय करता?" ते म्हणाले, "घड्याळ पाहतो." त्या दिवशी घरी जाऊन आम्ही पेटीवरची धूळ पुसली. बोटे वळत नाहीत, सूर लागत नाही; नात हसते. वर्गात चाळीस मुलांच्या चुका काढणाऱ्यास स्वतःची चूक रोज कानांनी ऐकावी लागते. हा अनुभव आम्हांस बऱ्याच वर्षांत आला नव्हता. तेव्हापासून जेमतेम उत्तीर्ण होणाऱ्या मुलांशी बोलताना आमचा आवाज थोडा खाली आला आहे, असे सहकारी म्हणतात.

असो. मुलाला आम्ही कार्यालयात बोलावले. तो घाबरलेला होता. पुंगी हातात घेऊन आम्ही विचारले, "ही वाजते का रे?"

"अजून नाही, सर. भोक चुकलंय."

दोन दिवसांनी वडील पुन्हा आले. मुलाला चार शब्द सुनावले असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की अभ्यासाची वेळ त्याने पाळलीच पाहिजे, ते आम्ही पाहू. पण उरलेल्या वेळाचा जमाखर्च त्याच्याकडे इतक्यात मागू नका. आपण हिशेबनीस आहात, वर्ष संपण्यापूर्वी ताळेबंद मांडत नाहीत, हे आपणांस आमच्याहून अधिक कळते. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. "बघू," म्हणून ते उठले आणि वस्तू पिशवीत भरू लागले. बैल हातात आल्यावर मात्र ते थांबले. त्यांनी तो उजेडाकडे वळवून पाहिला.

"वशिंड चुकलंय याचं," ते म्हणाले. "इतकं मागे नसतं. लहानपणी पोळ्याला आमच्या वाड्यातले सगळे बैल मीच करत असे, सर."

माती अजून पुरती वाळलेली नव्हती. खुर्चीत पुन्हा बसून त्यांनी ती अंगठ्याने पुढे सारावयास सुरुवात केली, आणि आम्ही शिपायाला थोडे पाणी आणावयास सांगितले.