पालकत्व शिकवणारे ॲप ऊसपट्ट्यात चालेल का?

बाळाला कसे वाढवावे, याचे सल्ले देणारी ॲप्स वाढत आहेत. केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री असताना डॉ. भारती पवार यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईतील परिषदेत ‘पालन १०००’ या ॲपचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन केले.

‘१०००’ म्हणजे काय?
गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे दिवस. या काळात मेंदूची वाढ वेगाने होते. म्हणून बाळावर माया करा, त्याच्याशी बोला, खेळा, गोष्टी सांगा आणि स्वतः शांत राहा, असा या मोहिमेचा सल्ला आहे.

अडचण कुठे?
बारामतीत माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापुरात छत्रपती कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोघेही पहाटेच फडात. तान्हे मूल बांधावर किंवा कोपीवर थोरल्या भावंडाकडे. फोन एकच असेल, तर तो बहुधा वडिलांच्या खिशात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या महिला ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते.

मग काय हवे?
मराठीत ऐकता येणारे, नेटशिवाय चालणारे आणि वडिलांशीही बोलणारे ॲप. सोबत फडाजवळ पाळणाघर. ‘बाळाशी बोला’ हे ॲप सांगेल. पण त्यासाठी आई-बाप बाळाजवळ असायला हवेत.