पेशीच्या दरवाजांचे वजन

रक्तदाबाची अ‍ॅटेनोलॉल, पित्तावरची पँटोप्रॅझोल, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप आणि मधुमेहासाठी हल्ली बरीच लिहून दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन. आजार चार, औषधे चार. पण चौघांचे काम करण्याचे ठिकाण एकच. पेशीच्या पातळ आवरणात, म्हणजे पेशीपटलात, रुतून बसलेल्या प्रथिनांवर ही औषधे परिणाम करतात. आज वापरात असलेल्या निम्म्याहून अधिक औषधांचे लक्ष्य अशीच पटल-प्रथिने आहेत. ती पेशीचे दरवाजे आहेत, पंप आहेत आणि बाहेरचा निरोप आत पोहोचवणाऱ्या घंटाही आहेत.

इतकी महत्त्वाची प्रथिने असूनही त्यांचा अभ्यास कायम मागे राहिला, कारण ती पटलाबाहेर टिकत नाहीत. पेशीपटल हे स्निग्ध रेणूंचे दुपदरी अस्तर असते. त्यात बसणाऱ्या प्रथिनाचा मधला भाग तेलाशी सलगी करणारा आणि पाण्याशी फटकून वागणारा. त्याला नुसत्या पाण्यात आणले की त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून साबणासारख्या रेणूंचा अंगरखा घालून त्याला बाहेर काढावे लागते. पटल-प्रथिनाची पहिली तपशीलवार रचना १९८५ मध्ये समोर आली आणि त्या कामाला १९८८ चे नोबेल मिळाले, यावरून ते किती अवघड होते हे समजावे.

रचना कळली तरी एक साधा प्रश्न उरतो. प्रथिन एकटे काम करते, की जोडीने, की पाचजण मिळून? हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत नाग चावलेला रुग्ण येतो, तेव्हा त्याच्या पापण्या जड होतात आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मज्जातंतूचा निरोप स्नायूने घेण्यासाठी जो ग्राहक असतो तो पाच प्रथिनांचा मिळून बनतो, आणि नागाचे विष दोन प्रथिनांच्या सांध्याच्या जागी जाऊन बसते. तुकडे जुळलेच नाहीत, तर ती जागाच तयार होत नाही. अनेक औषधांचेही असेच असते. त्यामुळे किती तुकडे एकत्र आहेत हे मोजावे लागते, आणि त्याचा सरळ मार्ग म्हणजे वजन.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूचे वजन सुमारे ६४ हजार डाल्टन. एका ग्रॅमचे एकावर एकोणीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे हे वजन. जुन्या पद्धतींपैकी बऱ्याच पद्धती असंख्य रेणूंची सरासरी सांगतात. सरासरी किती फसवी असते हे प्रसूती कक्षात पाहावे. ५५ किलोच्या आया आणि ३ किलोची बाळे एकत्र मोजली, तर सरासरी २९ किलो येईल. त्या वजनाचे कक्षात कोणीच नाही.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील फिलिप कुकुरा यांच्या गटाने २०१८ मध्ये एकेका रेणूचे वजन प्रकाशाने मोजण्याची पद्धत मांडली. तिला मास फोटोमेट्री म्हणतात. काचेच्या पट्टीवर द्रावणाचा थेंब ठेवून खालून लेसर सोडतात. एखादा रेणू काचेवर टेकला की तो किंचित प्रकाश विखुरतो. तो प्रकाश काचेवरून परतलेल्या प्रकाशात मिसळून एक पुसट डाग दिसतो. डाग जितका ठळक, तितका रेणू जड. रेणूला रंग किंवा खूण लावावी लागत नाही. मिनिटभरात हजारो रेणू मोजले जातात आणि आलेखावर एकटे, जोडीचे, चौकडीचे असे वेगळे उंचवटे दिसतात.

पटल-प्रथिनांनी इथेही अडचण केली. साबणाच्या रेणूंचे सुटे गोळेही काचेवर टेकतात आणि खऱ्या प्रथिनाचा डाग त्या गर्दीत हरवतो. २०२१ मध्ये यावर उपाय पुढे आला. काचेवरच्या थेंबातच द्रावण झटकन पातळ करायचे. सुटे गोळे विरघळून जातात, प्रथिनाचा अंगरखा मात्र मोजणीपुरता टिकतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रथिनाला स्निग्ध रेणूंच्या छोट्या चकतीत बसवणे. त्याच वर्षी कृत्रिम पटलावर फिरणाऱ्या प्रथिनांचे वजन ती फिरत असतानाच मोजण्यात ऑक्सफर्ड आणि जर्मनीतील संशोधकांना यश आले.

मर्यादाही स्पष्ट आहेत. वजनात अंगरखा धरलेला असतो, तो वजा करावा लागतो. सुमारे ४० हजार डाल्टनखालचे रेणू नीट दिसत नाहीत. औषधाचा रेणू जेमतेम काहीशे डाल्टनचा. तो चिकटला की नाही, हे हा तराजू सांगू शकत नाही. त्यासाठी कॅरोल रॉबिन्सन यांनी पटल-प्रथिनांसाठी विकसित केलेली, अधिक नेमकी वस्तुमान वर्णपटाची पद्धत लागते.

मग भारताने याकडे का पाहावे? रचना शोधणारे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कोट्यवधींचे असतात. बंगळूरुच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात अशी राष्ट्रीय सुविधा आहे. तिथे खराब नमुना नेला तर मोलाचा वेळ वाया जातो. टेबलावर मावणारा हा तराजू तो नमुना आधीच काही मिनिटांत पारखतो. अल्फाफोल्डसारखी संगणकीय साधने रचनेचा अंदाज देतात. नळीतल्या प्रथिनाचे नेमके काय झाले आहे, हे मात्र मोजूनच कळते. म्हणून हे यंत्र एकेका विभागाच्या कुलुपात न ठेवता विद्यापीठांच्या सामाईक सुविधांत असावे.

सिस्टिक फायब्रोसिस या आजारामागचे जनुक १९८९ मध्ये सापडले. ते पटलातल्या क्लोराइडच्या दरवाजाचे जनुक आहे. बहुतेक रुग्णांना उपयोगी पडणारे तीन औषधांचे मिश्रण अमेरिकेत मंजूर व्हायला २०१९ उजाडले, आणि तेव्हा त्याची तिथली छापील किंमत वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर होती. हा आजार भारतातही आहे; इतके पैसे मोजू शकणारी कुटुंबे किती? इतरांनी शोधलेली औषधे स्वस्तात बनवण्यात आपण वाकबगार आहोत, पण त्यासाठी पेटंट संपण्याची वाट पाहावी लागते. शोध इथे लागला, तर किंमत ठरवण्यात आपलाही शब्द राहील.

शेवटी एक खुलासा. ही रुग्णांसाठीची तपासणी नाही. ‘रेणूंचे वजन’ करून आजार सांगतो असे कोणी म्हणाले, तर पैसे खिशातच ठेवा. हे प्रयोगशाळेतले साधन आहे. त्याचा लाभ आपल्यापर्यंत आला, तर तो गोळीच्या रूपाने येईल.