नऊ हजार तास आणि तीन वर्षांचा परवाना
ऑन्टारियोतील मराठी विद्युत पदविकाधारक व पदवीधरांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
कॅनडाचा केंद्रीय इमिग्रेशन विभाग; स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारियो; इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटी; प्रांतातील सार्वजनिक महाविद्यालये; तसेच महाराष्ट्र शासनाचा ऊर्जा विभाग व मुख्य विद्युत निरीक्षक यांस

विषय: तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर असलेल्या पदवीधरांना विद्युत निरीक्षक पदापर्यंतची वाट खुली करण्याबाबत.

महोदय, महोदया,

आमचे बहुतेक सभासद महाराष्ट्रातून इथे शिकायला आले. कुणी आयटीआयतून वीजतंत्री होऊन आले, कुणी डिप्लोमा करून, कुणी बी.ई. होऊन चार-दोन वर्षे कारखान्यात काढल्यावर. इथल्या महाविद्यालयात त्यांनी विद्युत शाखेचा अभ्यासक्रम पुरा केला. तो संपल्यावर मिळणारा कामाचा परवाना त्यांच्या हातात आहे आणि विद्युत निरीक्षक व्हायची त्यांची इच्छा आहे. प्रांताला या कामासाठी माणसे हवी आहेत आणि आमच्याकडे ती तयार आहेत. तरीही ही वाट मध्येच तुटते. ती कुठे तुटते आणि कशी जोडता येईल, हे सांगण्यासाठी हे मागणीपत्र आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सुरक्षेची पातळी खाली आणा, असे आम्ही म्हणत नाही. भिंतीला ड्रायवॉल लागण्यापूर्वी निरीक्षक येतो, तेव्हा त्याला सगळे उघडे दिसते. केबल बॉक्सपासून ३०० मिलिमीटरच्या आत पकडली आहे का, लाकडी स्टडच्या कडेपासून ३२ मिलिमीटरपेक्षा जवळ गेली असेल तर तिथे लोखंडी पट्टी ठोकली आहे का, पॅनेलसमोर एक मीटर जागा मोकळी आहे का, हे तो बघतो. एकदा भिंत बंद झाली की पुढची तीस-चाळीस वर्षे तिथे कुणी डोकावत नाही. असे काम पुस्तक वाचून येत नाही. त्यातही भारतातून आलेल्याने जपून राहावे असे पुष्कळ आहे. आपल्याकडे जुन्या सवयीने काळी वायर म्हणजे न्यूट्रल. इथे काळी म्हणजे फेज आणि न्यूट्रल पांढरी. हाताला लागलेले वळण बदलायला तास लागतात, आणि ते तास द्यायला आम्ही तयार आहोत.

अडचण या तासांच्या हिशेबातच आहे. बांधकाम व देखभाल वीजतंत्री, म्हणजे ३०९ए, हा ऑन्टारियोत सक्तीचा ट्रेड आहे. नोंदणीकृत अप्रेंटिस असल्याशिवाय किंवा पात्रता प्रमाणपत्र असल्याशिवाय ते काम करता येत नाही. अप्रेंटिसशिप साधारण ९,००० तासांची आहे: ८,१६० तास प्रत्यक्ष कामाचे आणि ८४० तास वर्गातले. त्यानंतर परीक्षा आणि मग प्रमाणपत्र. निरीक्षकाच्या जागेसाठी सहसा हेच प्रमाणपत्र आणि त्यावर आणखी काही वर्षांचा अनुभव मागितला जातो. आता कामाच्या परवान्याकडे पाहा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्याला तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो आणि आयुष्यात एकदाच मिळतो. आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५० आठवडे धरले, तर तीन वर्षांत ६,००० तास भरतात. तेही पहिल्याच दिवशी स्पॉन्सर, म्हणजे अप्रेंटिस म्हणून घेणारा मालक, मिळाला आणि एकही दिवस बसून काढावा लागला नाही तर. महाविद्यालयातल्या शिक्षणाबद्दल वर्गाचे सगळे ८४० तास माफ झाले, तरी प्रत्यक्ष कामाच्या तासांत दोन हजारांहून जास्त तूट राहते. बी.ई. करून इथे एक वर्षाचे सर्टिफिकेट घेतलेल्यांचे हाल याहून वाईट, कारण त्यांचा परवानाही साधारण वर्षभराचाच असतो. याचा दोष कोणा एका कार्यालयावर टाकता येणार नाही. परवान्याची मुदत ठरवणाऱ्यांनी ट्रेडचे तास विचारात घेतलेले नाहीत आणि तास ठरवणाऱ्यांनी परवाना विचारात घेतलेला नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत, पण एकाच माणसावर दोन्ही लागू झाले की त्याला पुढे जाता येत नाही.

म्हणून केंद्रीय इमिग्रेशन विभागाकडे आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी: सक्तीच्या ट्रेडमध्ये ज्याचा नोंदणीकृत प्रशिक्षण करार आहे आणि ज्याचे तास खरोखर भरत आहेत, त्याचा परवाना अप्रेंटिसशिप पुरी होऊन परीक्षा देईपर्यंत वाढवावा. दरवर्षी तासांची नोंद तपासावी आणि ती वाढत नसेल तर मुदतवाढ थांबवावी. मात्र ही मुदतवाढ खुल्या परवान्याचीच असली पाहिजे, एका मालकाशी बांधलेली नव्हे. याबद्दल आम्ही ठाम आहोत. ज्याच्या सहीवर तास मोजले जातात त्याच्याच हातात परवानाही गेला, तर त्या मालकासमोर अप्रेंटिसला तोंड उघडता येणार नाही. आमच्या काही सभासदांना ओव्हरटाइमचे पैसे मागताना याचा अनुभव आला आहे. जोखमीची वायरिंग पाहून ‘हे चुकीचे आहे’ असे म्हणण्याचे धाडस निरीक्षकाकडे असावे लागते. मग शिकण्याच्या काळातच त्याला गप्प बसायची सवय लागणार असेल, तर ते कुणाच्याच हिताचे नाही. विभागाने २०२३ पासून कायम रहिवासाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत ट्रेडची वेगळी वर्गवारी केली आणि तीत वीजतंत्र्यांना घेतले. १ नोव्हेंबर २०२४ पासून महाविद्यालयातल्या पदविकाधारकांना कामाचा परवाना देतानाही मनुष्यबळ कमी असलेली क्षेत्रे पाहिली जातात आणि ट्रेड त्यांत आहेत. म्हणजे गरज विभागाला मान्य आहे. मुदतीचा हिशेबही त्याच गरजेला धरून व्हावा.

अप्रेंटिसांसाठीचे केंद्राचे कर्ज फक्त नागरिक, कायम रहिवासी आणि संरक्षित व्यक्तींनाच मिळते. नोंदणीकृत करार असलेल्या परवानाधारकालाही ते मिळावे. वर्गाच्या आठवड्यांत पगार बंद असतो आणि घरभाडे चालूच असते.

दुसरी मागणी स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारियोकडे. भारतात केलेले काम मोजण्यासाठी समतुल्यता मूल्यांकनाची सोय आहे, ती चांगली आहे. पण ती कागदावर चालते आणि आमचे कागद निराळे आहेत. आमच्या एका सभासद ताई नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षे पॅनेल आणि मोटरचे काम करून आल्या आहेत. त्यांच्याकडे ठेकेदाराचे पत्र आहे. लेटरहेड आहे, जांभळा गोल शिक्का आहे, सही आहे, आणि मजकूर एवढाच की ‘सदर कामगाराचे काम व वर्तणूक समाधानकारक होती’. इथे विचारतात: कोणत्या प्रकारचे काम, किती तास, किती व्होल्टेजवर, कुणाच्या देखरेखीखाली? ठेकेदाराकडे हजेरीपट आहे, पण त्यात दिवस सापडतात, कामाचा प्रकार सापडत नाही. एवढ्यावरून ती वर्षे शून्य धरणे म्हणजे त्या बाईंच्या हातातले कसब न पाहताच नाकारणे आहे. कागद अपुरा असेल तेव्हा तोंडी मुलाखत आणि प्रात्यक्षिक घ्यावे. पॅनेल समोर ठेवावे, पाइप वाकवायला द्यावा, सर्किटमध्ये दोष घालून तो शोधायला सांगावा. तासाभरात अनुभवी माणसाला कळते की समोरच्याने हे काम केले आहे की नाही. जेवढे कसब सिद्ध होईल तेवढे तास द्यावेत. पात्रता परीक्षा मात्र आहे तशीच राहावी आणि त्यात आम्हाला एकाही गुणाची सूट नको. अशा बदलाला या प्रांतात आधार आहे. प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टारियो या संस्थेने मे २०२३ मध्ये अभियंत्याच्या परवान्यासाठीची कॅनेडियन अनुभवाची अट काढून टाकली. १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत कॅनेडियन अनुभवाची अट घालता येत नाही.

याच्याशीच जोडलेली तिसरी मागणी आपल्या घरच्या सरकारकडे आहे, आणि ती सर्वांत कमी खर्चाची आहे. महाराष्ट्रात तारतंत्री, पर्यवेक्षक आणि ठेकेदार यांचे परवाने शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. परदेशातल्या संस्थेला पडताळता येईल असा इंग्रजी दाखला मंडळाने द्यावा. त्यात परवान्याचा वर्ग, व्होल्टेजची मर्यादा, दिल्याची व नूतनीकरणाची तारीख आणि शक्य असेल तिथे कोणत्या ठेकेदाराकडे नोंद होती, ही माहिती असावी. पडताळणीच्या ईमेलला उत्तर देणारा एक अधिकारी नेमावा. इथली फाइल महिनोन्‌महिने या एका उत्तरासाठी पडून राहते आणि इकडे कामाच्या परवान्याची मुदत संपत जाते.

महाविद्यालयांना आम्ही कळकळीने सांगतो: पदविका म्हणजे वीजतंत्र्याचा परवाना नव्हे, हे वाक्य माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापा आणि पुण्या-मुंबईतल्या तुमच्या एजंटांनाही ते सांगायला भाग पाडा. जमीन गहाण ठेवून मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांना हे प्रवेशाआधी कळले पाहिजे. शेवटच्या सत्रात विद्यार्थ्यांची स्पॉन्सर होऊ शकणाऱ्या ठेकेदारांशी गाठ घालून द्या. आणि जो दुसरा दरवाजा आजच उघडा आहे, तोही दाखवा. प्रमाणन-चिन्ह नसलेली यंत्रसामग्री जागेवर तपासून मान्यता देणाऱ्या खासगी संस्था आहेत. ते काम एसपीई-१००० या संहितेनुसार चालते. हे उपकरणाच्या तपासणीचे काम आहे, इमारतीच्या वायरिंगचे नाही, आणि तिथे पदविकेचा व पदवीचा थेट उपयोग होतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्याचे नावसुद्धा कामाच्या परवान्याचे वर्ष उलटून गेल्यावर कळले.

इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीने अप्रेंटिसशिप चालू असलेल्यांसाठी पगारी प्रशिक्षणार्थी जागा ठेवाव्यात. प्रशिक्षणार्थीने अनुभवी निरीक्षकाबरोबर फिरावे, नकाशे वाचावेत, त्रुटींच्या नोंदी लिहाव्यात. निर्णय आणि सही निरीक्षकाचीच. जागांच्या जाहिरातीत कोणती अट कायद्याने आहे आणि कोणती पसंतीची, हेही वेगळे लिहावे.

ठेकेदार, खासगी तपासणी संस्था आणि सर्वच मालकांना एका निकालाची आठवण करून देणे भाग आहे. अभियांत्रिकीच्या एका आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला नोकरीसाठी ‘कायमस्वरूपी काम करण्याचा हक्क’ दाखवायला सांगितले गेले. ऑन्टारियोच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये तो नागरिकत्वावरून केलेला भेदभाव ठरवला, आणि मधल्या उलटसुलट निकालानंतर २०२३ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय कायम केला. तरी मुलाखतीत पहिला प्रश्न अजून तोच येतो: ‘पीआर (कायम रहिवास) आहे का?’ कायद्याने काम करण्याची मुभा आहे का, एवढेच विचारावे. प्रांताच्या कामगार मंत्रालयाने ही सूचना लेखी काढावी अशी आमची मागणी आहे.

या मागण्यांवर चर्चेसाठी सर्व संबंधितांची एकत्र बैठक बोलवावी. वेगवेगळ्या कार्यालयांत गेलो तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या नियमाकडे बोट दाखवतो. बैठकीला आम्ही सभासदांच्या तासांच्या नोंदवह्या, भारतातील परवान्यांच्या प्रती आणि समतुल्यता मूल्यांकनात परत आलेले अर्ज त्यांच्या संमतीने घेऊन येऊ. ज्यांच्या परवान्याची मुदत येत्या सहा महिन्यांत संपते आहे त्यांची यादी सोबत जोडली आहे. पहिल्या मागणीवरचा निर्णय निदान त्यांच्यापुरता तरी आधी व्हावा, ही विनंती.

आपली,
संघटनेची कार्यकारिणी व सभासद