नाताळ, दया आणि पात्रतेचा प्रश्न

आज नाताळ. पिंपळगाव राजासारख्या कपाशी-सोयाबीनवर जगणाऱ्या गावात हा दिवस बहुतेक घरांत इतर दिवसांसारखाच उगवतो. तरीही या सणामागील एका विचाराकडे आमच्या भाविक वाचकांचे लक्ष वेधावेसे आम्हांस वाटते. कारण त्याचा संबंध याच खामगाव तालुक्याच्या इतिहासाशी आहे, तसाच आजच्या एका वादाशीही आहे.

वाटमाऱ्यांनी लुटून अर्धमेला केलेल्या एका प्रवाशाची कथा येशूने सांगितली आहे. मंदिराचा पुरोहित त्याला टाळून पुढे गेला, मंदिराचा सेवकही गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या जमातीशी यहुदी लोक व्यवहारही ठेवीत नसत. त्याने जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले, पदरचा खर्च केला. तू कोणाचा कोण, असे विचारले नाही. पूजाअर्चा आटोपल्यावर सवडीने करावयाचे पुण्यकर्म, असे दयेचे स्थान ख्रिस्ती धर्मात नाही. भुकेल्याच्या मुखी घातलेला घास प्रभूलाच पोचतो, अशी तेथील श्रद्धा आहे. मंगळवेढ्याची कोठारे उघडणाऱ्या दामाजीपंतांचे आख्यान ज्या घरांत भक्तिभावाने ऐकले जाते, त्यांना हे परके वाटण्याचे कारण नाही.

1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाड प्रांत होरपळून निघाला. त्या काळात खामगावात अलायन्स मिशनने अनाथ मुलींना आश्रय दिला. पंडिता रमाबाई तर 1897 मध्ये स्वतः मध्यप्रांतात फिरल्या आणि सुमारे 300 निराधार मुली व स्त्रिया त्यांनी सोडवून आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच उभे राहिले. रमाबाईंनी आपले आईवडील दुष्काळाच्या हालांतच गमावले होते. पुराणे सांगत तीर्थाटन करणाऱ्या त्या शास्त्र्यांच्या कुटुंबाला उपासमार ऐकून ठाऊक नव्हती, भोगून ठाऊक होती.

पण रमाबाईंचे नाव निघाले की शंकाही निघते, आणि ती आम्ही झाकून ठेवणार नाही. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पुढे शारदासदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात यावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, या विश्वासावर मुली पाठविणाऱ्या पालकांची तक्रार निराधार होती, असे आम्हांस वाटत नाही. अन्नाच्या ताटाबरोबर श्रद्धेची अट आली, मग ती उघड असो वा मूक, की दया उणावते; शोमरोन्याच्या कथेच्या कसोटीवरही ती उणीच ठरते. मात्र तो आक्षेप शहरातल्या शाळेचा होता. दुष्काळाच्या वाटेवर पडलेल्या मुलीला उचलण्यास तेव्हा कितीजण गेले, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपल्याला अधिक अडचणीचा आहे.

सक्तीच्या अथवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा करण्याच्या विचारार्थ राज्य शासनाने फेब्रुवारी 2025 मध्ये समिती नेमली. सक्तीला आळा बसावा, याविषयी दुमत नसावे. पण आमिष कोठे संपते आणि मदत कोठे सुरू होते, हे कायद्याच्या कलमाने नेमके सांगता येईल, याची आम्हांस खात्री नाही. आमिषाला बळ येते ते मदतीला दुसरे कोणी फिरकत नाही तेथे.

आणि येथेच पिंपळगाव राजाचा परिसर डोळ्यांसमोर येतो. बुलढाणा जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबलेल्या नाहीत. अशा घराला शासनाकडून 1 लाख रुपये मिळतात, परंतु प्रकरण ‘पात्र’ ठरले तरच. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज बँकेचे की सावकाराचे, याची छाननी होते. शासनाला ती करावी लागते, हे आम्ही जाणतो. शेजाऱ्याला ती करावी लागत नाही. तेराव्याची पंगत उठल्यानंतर, मुलांच्या शाळेची आणि पुढच्या पेरणीची चिंता करीत बसलेल्या त्या बाईच्या ओसरीवर पहिल्यांदा कोण येऊन बसते, सावकार, शेजारी की आणखी कोणी, याची नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही.