केंदाळ वर, कोंडमारा तळाशी

इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून ही तारीख जागतिक पाणथळ दिन. कर्नाटकातल्या चिकोडी-निपाणीकडे पाणथळ म्हटलं की ठाणे खाडीतले रोहित पक्षी आठवतात, घरचं काही आठवत नाही. पण कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेवरच्या बंधाऱ्यांमागे तुंबलेलं पाणी हीच आपली पाणथळ, आणि उन्हं तापू लागली की तिथं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजू लागतं.

पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि वाहती नदी ठिकठिकाणी तळं होऊन बसते. त्यात गावांचं सांडपाणी, उसाच्या रानातून झिरपलेलं खत. दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात शोभेसाठी आलेल्या जलपर्णीला आणखी काय हवं? हवा मानवली तर ती दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं तग धरतं. वर्तमानपत्रं फोटो छापतात ते हिरव्यागार पात्राचे. खाली काय चाललंय ते फोटोत येत नाही.

खाली उजेड पोचत नाही, म्हणून शेवाळाकडून प्राणवायू मिळत नाही. वारा पाण्याला लागत नाही, म्हणून हवेतूनही कमीच येतो. उरलासुरला प्राणवायू कुजक्या पानांवर तुटून पडलेले जिवाणू संपवतात. मासा पळ काढतो, शिंपल्याला ते जमत नाही. तो गाळात अर्धा रुतून पाणी आत ओढतो, गाळतो, बाहेर सोडतो. त्याची पिल्लं मात्र सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. मासे हटले की पुढची पिढी खुंटली. म्हातारे शिंपले पुढं कित्येक वर्षं जगू शकतात, त्यामुळं कुणाला पत्ताही लागत नाही.

तळ ओसाड पडतो असं मात्र नाही. कमी प्राणवायूत तगणाऱ्या लाल अळ्या आणि बारीक गाळकिडे तिथं बुजबुजतात. जीव पुष्कळ, जाती चारदोन. दुसरी बाजूही सांगायला हवी. विरळ केंदाळाच्या कडेला एक रोप उपटून त्याची काळपट, पिसासारखी मुळं पांढऱ्या ताटलीत झटकावीत. बारीक गोगलगायी, चतुरांच्या अळ्या, झिंग्याची पिल्लं पडतील. केंदाळात मासोळी वाढते म्हणणारा खोटं बोलत नाही. घात होतो तो पात्र या काठापासून त्या काठापर्यंत मिटतं तेव्हा.

समुद्रकाठीही हेच. केरळातल्या वेंबनाड सरोवरात खारं पाणी जलपर्णीला मारायचं. भातशेतीसाठी तण्णीरमुक्कम बांध घालून उन्हाळ्यात ते अडवलं, तिचं आत फावलं, आणि थोड्या खारेपणावाचून न विणणाऱ्या काळ्या शिंपल्यांवर संक्रांत आली. चीनने १९७९ साली किनारा धुपू नये म्हणून स्पार्टिना गवत आणलं. त्याच्या मुळांनी चिखलाट जखडली, तिथल्या जिवांची घडीच बदलली, आणि २०२२ पासून ते उपटायची देशव्यापी मोहीम काढावी लागली. दोन्हीकडे वनस्पतीला वाट करून दिली माणसानंच.

आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे बरगे काढून केंदाळ पुढं ढकलणं. पंचगंगेतलं नृसिंहवाडीला कृष्णेत उतरतं, महाराष्ट्रातला राजापूर बंधारा ओलांडतं आणि कर्नाटकात येडूरच्या दिशेनं निघतं. या दोन राज्यांतल्या सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, केंदाळ तारखेची वाट पाहत नाही. तणनाशक मारलं तर केंदाळ मरून त्याच तळाशी बसतं. काठावर रचलेले ढीग पहिल्या पुरात परत नदीत.

केंदाळ अजून तुकड्यातुकड्यांत असतानाच ते पूररेषेबाहेर नेऊन कुजवावं, निदान मधला प्रवाह मोकळा ठेवावा. आणि काढलेल्या जागचा बादलीभर गाळ चाळणीतून धुऊन त्यात काय जिवंत आहे ते लिहून ठेवावं. हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं काम, खर्च चाळणीचा. शिरोळकडच्या आणि चिकोडीकडच्या महाविद्यालयांनी एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीनं ते केलं, तर पावसाळ्याच्या तोंडावर बरगे निघण्याआधी राजापूरच्या वर काय उरलंय आणि खाली काय, याचा कागद दोन्ही सरकारांपुढं ठेवता येईल.