माळ्यावरचे पेट्रोल

यंदा चतुर्थीला कट्ट्याला पोहोचलो, तेव्हा घरची मंडळी गणपतीच्या आराशीपाशी असायची ती खळ्यात एका पत्र्याच्या डब्याभोवती जमली होती. डबा माझ्या कोल्हापूरच्या भाच्याचा. चिरंजीव मोटरसायकलच्या शर्यती खेळतात. शिमग्याला आले तेव्हा पाच लिटरच्या डब्यात निम्मे उरलेले शर्यतीचे पेट्रोल स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ठेवून गेले आणि विसरले.

श्रावणात दोन दिवस वीज गेली, तेव्हा तो डबा आमच्या वहिनींच्या हाती लागला. रॉकेल हल्ली मिळते कुठे? वहिनींनी कंदिलाची काच पुसली, वात सारखी केली, डब्याचे झाकण उघडले आणि थबकल्या. ‘‘ह्यां काय रॉकेल न्हय, ह्येचो वास येगळो,’’ असे म्हणून झाकण लावून टाकले. त्या हे हसत हसत सांगत होत्या. मी तीस वर्षे एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. मला हसू आले नाही. रॉकेलला चांगली ऊब मिळाल्याशिवाय पेटण्याजोगी वाफ होत नाही. पेट्रोलला ती कडाक्याच्या थंडीतही होते. कंदिलात ते पडते, तर यंदा आमच्या घरी गणपती आला नसता.

भाच्याची काळजी निराळीच. ‘‘मामा, पुढच्या महिन्यात शर्यत आहे. सहा महिने झाले, हे चालेल ना? फार महाग असतं हो!’’

पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे. त्यात पुष्कळ हायड्रोकार्बनांची मिसळ असते. काही हलके, चटकन उडून जाणारे, काही जड. थंड इंजिन चालू होते ते हलक्यांच्या जिवावर, आणि झाकण उघडताच पळतात तेही तेच. शिवाय हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पेट्रोलात हळूहळू डिंकासारखा चिकटा तयार होतो. प्रयोगशाळेत आम्ही गरम हवेच्या झोताखाली पेट्रोल उडवून मागे राहिलेला चिकटा तोलत असू. भारतीय मानकाप्रमाणे तो ठराविक मर्यादेपेक्षा जास्त चालत नाही.

शर्यतीचे पेट्रोल या बाबतीत बरे. त्यात आयसोऑक्टेन, टोल्युइन असे टिकाऊ घटक पुष्कळ असतात, त्यामुळे चिकटा कमी धरतो. पत्र्याचा डबा मोहोरबंद आणि थंड जागी असेल, तर वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ त्याला धक्का लागत नाही. पण मोहोर एकदा फुटली की हिशेब महिन्यांचा नव्हे, आठवड्यांचा. ऑक्टेनचा आकडा मोठा म्हणून ते जास्त टिकते, हा भाच्याचा समज होता. ऑक्टेन सांगतो तो इंजिनातला ठोका टाळण्याचा गुण. आयुष्याशी त्याचा संबंध नाही.

आणि डबा ठेवला कुठे? चुलीवरच्या माळ्यावर, कौलांखाली, ऐन वैशाखात! अर्धा रिकामा डबा दिवसा तापला की सैल झाकणातून वाफ बाहेर टाकतो, रात्री निवला की बाहेरची हवा आत ओढतो. पावसाळ्यात ती हवा कसली असते, हे कोकणी माणसाला सांगायला नको. पंपावरच्या पेट्रोलात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते, आणि पाणी फार झाले की त्याला घेऊन तळाशी बसते. गावच्या घरी चार-चार महिने स्कूटर उभी ठेवणाऱ्यांनी तरी हे ध्यानात घ्यावे.

माझ्या जुन्या पेटीत घनता मोजायची काचेची नळी होती. उंबऱ्यापासून दूर, माडाखाली बसून मोजले. डब्यावरच्या कागदात 740 लिहिले होते. तापमानाचा हिशेब करून 752 भरले. भाचा खुशीत म्हणाला, ‘‘वजन वाढलं म्हणजे दम वाढला!’’ दम कसला? हलके गडी पळाले, जड मागे राहिले. शर्यतीचे इंजिन एका ठराविक इंधनावर जुळवलेले असते. हवा-पेट्रोलाचे प्रमाण चुकले तर ऐन वेगात पिस्टन जळायचा, आणि वर बसलेला पोरगा माझ्या बहिणीचा.

तो हिरमुसला. तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, ‘‘लोणच्याच्या बरणेर मी तारीख घालतंय. तुझ्या डब्यार कोण घालतलो?’’

त्याने पंपावरून ताजे पेट्रोल आणून हे त्यात थोडे थोडे मिसळले आणि आमच्या गवत कापायच्या यंत्राला पाजले. पुढच्या वेळी उरलेले प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आणतो म्हणाला, तेव्हा त्याला 1934 चा पेट्रोलियम कायदा ऐकवावा लागला. परवान्याशिवाय घरी 30 लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येते, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. प्लॅस्टिकचे त्यात नाव नाही.

रिकाम्या डब्यावर वहिनींचा डोळा होता, खोबरेल तेल ठेवायला. रिकाम्या डब्यातली वाफ भरल्या डब्याहून वाईट, हे दोनदा सांगूनही त्या तो विहिरीवर घासायला घेऊन निघाल्या. शेवटी निघताना मीच तो भाच्याच्या स्वाधीन केला आणि कोल्हापूरला पाठवून दिला. वहिनी अजून माझ्याशी त्या डब्यावरून नीट बोलत नाहीत.